तिसऱ्या रात्रीनंतरचा राग : बोटीवरची भांडणं आणि अपुरी झोप

मंडळी, बंदीचे दिवस संपत आले. जेटीवर जाळी दुरुस्त करणं, इंजिन उघडणं, बोटीला रंग काढणं जोरात चालू आहे. 1 ऑगस्टला दर्या खुला होणार आणि 61 दिवस घरी बसलेली माणसं एकदम रात्रंदिवस कामाला लागणार. या वेळी आम्ही डिझेल, बर्फ किंवा लायसन्सबद्दल लिहीत नाही. झोपेबद्दल लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. तांडेल आणि पात्रांव मंडळींनी तर नक्कीच वाचा.

गेल्या मोसमात आमच्या संस्थेकडे बोटीवरच्या मारहाणीची एक तक्रार आली. बोट कुठली, माणसं कोण, ते सांगत नाही. तांडेल वीस-बावीस वर्षांचा अनुभवी. जेटीवर कुणाला विचारा, त्याच्या तोंडून शिवी ऐकलेली नाही. बोट सुंगटांच्या मागे तीन रात्री बाहेर होती. चौथ्या दिवशी पहाटे जाळं वर घेताना एका पोराने दोर सोडायला उशीर केला, जाळ्याला पीळ पडला. तांडेलाने हाताला लागला तो दांडा उचलला आणि पोराच्या हातावर घातला. हाड मोडलं. बोट दोन दिवस आधीच मागे फिरली. पोरगा ओडिशाचा, एकोणीस-वीस वर्षांचा. दीड महिना प्लास्टर. नंतर गावी गेला तो परत आला नाही.

मीटिंग झाली. दंड ठरला, पोराच्या औषधपाण्याचे आणि बुडालेल्या पगाराचे पैसे ठरले. सगळे उठायला लागले तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या सभासदाने तांडेलाला विचारलं, "बाबा, त्या पहाटे मारलंस त्याच्या आधी सलग कधी झोपला होतास?"

तांडेल बोटं मोजायला लागला. तीन रात्रींत मिळून सात-आठ तास, तेही तुकड्या-तुकड्यांनी. मग पोराचं विचारलं. पोराची झोप त्याहून कमी. कारण तो सगळ्यात लहान. जाळं आलं की मासळी निवडायला तो, डेक धुवायला तो, आणि सगळे आडवे झाले की चहाची भांडी घासायलाही तोच.

म्हणजे एकाच्या हाताला दोर सोडायची वेळ कळली नाही आणि दुसऱ्याला आपला हात आवरला नाही. दोघांचंही कारण बऱ्याच अंशी एकच होतं. आम्ही दंड लावला तो बरोबरच होता. पण झोपेबद्दल मीटिंगमध्ये तोपर्यंत एक शब्द निघाला नव्हता, हे आम्हाला लागून राहिलं. म्हणून थोडी माहिती गोळा केली, डॉक्टर लोकांशी बोललो. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते इथे देतोय.

झोप कमी पडली की डोक्यात काय होतं

आपल्या मेंदूत आत खोल बदामाएवढा एक भाग आहे. इंग्रजीत त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला, कुणी अंगावर आलं, अपमान झाला की पहिला भडका तिथे उडतो. कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला आवर घालतो. "थांब, तो नवीन पोर आहे, चुकला असेल," असं सांगणारा तो भाग.

अमेरिकेत 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी काही तरुणांना सुमारे 35 तास जागं ठेवलं आणि मग त्यांना त्रासदायक चित्रं दाखवत मेंदूची तपासणी केली. झोपलेल्या लोकांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डालाचा भडका सुमारे 60 टक्क्यांनी जास्त होता. शिवाय कपाळामागच्या भागाशी असलेलं त्याचं नातं सैल पडलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिनाचा वेग वाढला आणि सुकाणू ढिलं झालं.

दुसरा प्रयोग आपल्याला अजून जवळचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 142 लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखं झोपायला सांगितलं. दुसऱ्या गटाची झोप दोन रात्री दोन ते चार तासांनी कमी केली. दोन्ही गटांना आधी आणि नंतर नको असलेले आवाज ऐकवले. नीट झोपलेल्यांना दोन दिवसांनी त्या आवाजाची सवय झाली, राग कमी झाला. कमी झोपलेल्यांचं उलट झालं. तोच आवाज त्यांना जास्त खुपायला लागला, राग वाढला.

आता आपली बोट आठवा. इंजिनाची घरघर रात्रंदिवस. आपण म्हणतो, "सवय झाली." झोप पुरी झालेल्या माणसाला सवय होते. झोप नसलेल्या माणसाच्या डोक्यावर तो आवाज घाव घालत राहतो, आणि मग कुणी साधं "बर्फ कुठे ठेवू?" विचारलं तरी तो खेकसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. झोप कमी झालेला प्रत्येक माणूस हात उचलत नाही. चिडचिड वाढते, आवर कमी होतो, समोरच्याचा चेहरा आणि बोलणं वाकडं वाटायला लागतं, इतकं नक्की. पुढे मारामारी होते की नाही ते दारू, जुनी खुन्नस, पैशांचा वाद आणि कोण वरचा कोण खालचा यावरही ठरतं. बोटीवर या सगळ्या गोष्टी एका लहानशा डेकवर एकत्र असतात, आणि तिथून उठून बाहेर जायला जागा नसते.

न पिता चढलेली

आपल्याकडे तांडेल पिऊन बोट चालवतोय म्हटलं तर पात्रांव त्याला उभा करणार नाही. पण दोन रात्री जागलेल्या तांडेलाला आपण शाबासकी देतो.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1997 मध्ये हा हिशेब मांडला. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं डोळा आणि हात यांचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. 24 तास जागरण झालं की 0.10 टक्क्यांइतकं. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे पहाटे तीनला उठलेला माणूस रात्री आठला न पितासुद्धा त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो.

त्यात डुलकी. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपतो, आणि त्या माणसाला ते कळतही नाही. आठ नॉटच्या वेगाने बोट सेकंदाला चार मीटर जाते. दहा सेकंदांची डुलकी म्हणजे चाळीस मीटर. तेवढ्यात समोर दुसऱ्याचं जाळं येऊ शकतं, लहान होडी येऊ शकते. मग वायरलेसवर शिव्या आणि जेटीवर मारामारी. जाळं तोडल्याची किती भांडणं मुळात डुलकीची असतील, विचार करा.

बोटीवर झोप जाते कुठे

याचं उत्तर आपल्या कामाच्या पद्धतीत आहे. ट्रॉलरवर जाळं टाकलं की दोन-तीन तास ओढायचं, वर घ्यायचं, परत टाकायचं, मग तासभर मासळी निवडायची, खणात बर्फ घालायचा. तोवर पुढचं जाळं वर घ्यायची वेळ. मध्ये मिळते ती तास-दीड तासाची झोप. शरीराला गाढ झोपेतून स्वप्नाच्या झोपेपर्यंत एक फेरा पुरा करायला साधारण दीड तास लागतो. आपण फेरा पुरा होण्याआधीच माणसाला उठवतो. पर्ससीनवर वेगळी तऱ्हा. बांगड्याचा, तारल्याचा थवा कधी दिसेल सांगता येत नाही, म्हणून सगळेच अर्धे जागे.

त्यात पैसा. बहुतेक बोटींवर पगाराच्या वर मालावर कमिशन किंवा वाटा असतो. एक जाळं जास्त टाकलं तर चार पैसे जास्त. पात्रांवाने डिझेलचं कर्ज काढलेलं, तांडेलावर त्याचं ओझं, तांडेलाचं ओझं खलाशावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याच्या आधी आपण. झोप हा एकच खर्च असा आहे की तो वहीत लिहावा लागत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच कापला जातो.

आणि आपल्या खलाशांपैकी बरेचसे ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातून येतात. बोट जेटीला लागली तरी त्यांचं घर बोटच. डास, डिझेलचा वास, बाजूच्या बोटीवरची गाणी. आपण घरी येऊन पंख्याखाली झोपतो, ते तिथेच. तक्रार करायला त्यांना भाषा नाही आणि कामावरून काढतील ही भीती. "हे लोक फार तापट," असं आपण सहज बोलून जातो. एक मोसम त्यांच्या जागी झोपून बघायला हवं.

घरी आल्यावर

ही बाब आम्हाला पुरुषांनी सांगितली नाही. बायकांनी सांगितली. एक वहिनी म्हणाली, "बोट लागली की पहिला दिवस मी पोरांना शेजारी पाठवते. ते झोपून उठेपर्यंत घरात भांडंसुद्धा वाजू देत नाही."

ऐकून आम्ही गप्प बसलो. कारण आमच्यातल्या बऱ्याच घरांत हेच चालतं.

पण त्या वहिनीच्या झोपेचं कोण बघतो? मासे विकणारी बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, लिलावाला जेटीवर पोचते, टोपली घेऊन बाजारात बसते, दुपारी येऊन पेज-कालवण, धुणं, पोरांचा अभ्यास. रात्री वारा सुटला की बोटीच्या काळजीने डोळा लागत नाही. तीही पाच तासांवर चालते. नवरा चार दिवस जागून आलेला, बायको महिनोन् महिने कमी झोपेवर. त्यात पोरं रात्री बारापर्यंत मोबाइलवर. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आठ ते दहा. एका खोलीत तीन-चार माणसं अर्धवट झोपेची असली तर मीठ कमी पडलं एवढ्यावरूनही भांडण पेटतं.

आता एक गोष्ट ठामपणे. झोप झाली नव्हती म्हणून बायकोला मारलं, पोराला पट्ट्याने झोडलं, हे कारण कुणी आमच्याकडे घेऊन येऊ नये. तोच माणूस तितक्याच झोपेवर पात्रांवासमोर हात जोडून उभा राहतो, तिथे त्याचा हात उठत नाही. म्हणजे आवर थोडा तरी शिल्लक असतो. झोपेचं कारण कळलं की आपली जबाबदारी वाढते. आपण कधी धोकादायक होतो हे आधीच माहीत झालं, तर त्या वेळी बाजूला होणं आपल्या हातात आहे. घरात मारहाण होत असेल तर बायकांनी 181 वर फोन करावा, त्यात लाज कसली नाही.

प्रत्येक वेळी कामच कारण असतं असं नाही

काही माणसं बंदीच्या दिवसांतही नीट झोपत नाहीत. तिथे आजार असू शकतो.

जोरात घोरणारा, घोरता घोरता श्वास अडकून परत धाप टाकणारा माणूस बघितला असेल. आपण त्याची चेष्टा करतो. त्याचा श्वास रात्रीत कित्येक वेळा दहा-दहा सेकंद किंवा जास्त थांबतो आणि प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होतो. आठ तास पडून राहिला तरी सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, स्वभाव चिडका, ब्लड प्रेशर वाढलेलं. यावर उपाय आहे. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं, आणि गरज पडली तर श्वासाचं मशीन.

दुसरा प्रकार दुर्मीळ, पण बोटीवर घाबरवणारा. पन्नाशी उलटलेला माणूस झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, बाजूच्याला बुक्के मारतो. उठवलं की म्हणतो, "कोणतरी अंगावर येत होतं." एरवी स्वप्न पडताना आपलं अंग सैल पडून निश्चल राहतं. या आजारात ते कुलूप लागत नाही, म्हणून माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1986 मध्ये याची नीट नोंद केली. आपल्याकडे अशा माणसाला आधी घाड्याकडे नेतात. त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. औषध आहे, आणि हा आजार पुढे कंपवाताची सूचनाही असू शकतो, म्हणून तपासणी महत्त्वाची.

तिसरं, मनाचं. कर्ज, मोसम फुकट गेला, घरात मरण झालं, झोप येत नाही, पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही. पुरुषमाणूस हे रडून सांगत नाही, चिडून दाखवतो. 14416 हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं. गोव्यात बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटलही आहे. वेडे लोकच तिथे जातात हे डोक्यातून काढा.

आणि दारू. "दोन पेग घेतले की मस्त झोप लागते," असं म्हणतात. झोप लवकर लागते हे खरं. पण दारू उतरायला लागली की उरलेल्या रात्रीची झोप फुटते, घोरणं वाढतं आणि सकाळी माणूस जास्त चिडका उठतो. झोपेच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. बोटीवर तर त्या नकोतच.

या मोसमात आपण काय करायचं

जगात याचा नियम झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2007 मध्ये मासेमारीच्या कामाचा करार केला. तीन दिवसांहून जास्त बाहेर राहणाऱ्या बोटीवर प्रत्येकाला 24 तासांत किमान 10 तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती, असं त्यात लिहिलं आहे. आपण एकदम तिथे पोचणार नाही. पण सुरुवात करता येईल.

• झोपेच्या पाळीचा तक्ता केबिनमध्ये लावा. प्रत्येक खलाशाला दिवस-रात्र मिळून एक तरी सलग पाच तासांची झोप, बाकीची तुकड्यांनी. सगळ्यात लहान पोराचं नाव सगळ्यात आधी लिहा.

• रात्री एकदा जाळं टाकायचं नाही. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीर सगळ्यात सुस्त असतं. तेवढ्या वेळची मासळी जाईल. मोडलेला हात, अर्धवट सोडलेली फेरी आणि निघून गेलेला खलाशी यांची किंमत त्याहून जास्त पडते, हे आम्ही हिशेब करून बघितलं आहे.

• तांडेलाचा जोडीदार तयार करा. सुकाणू धरणारा दुसरा भरवशाचा माणूस नसेल तर तांडेल झोपणार कधी?

• झोपेतून उठवलेल्या माणसाला लगेच विंचवर उभा करू नका. तोंड धुवू दे, पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे. तोवर डोकं झोपेतच असतं.

• झोपेच्या पाळीआधी चार-पाच तास चहा बंद. चहाचा अंमल तेवढा वेळ राहतो.

• झोपायची जागा कोरडी, इंजिनापासून लांब, डोळ्यांवर दिवा न येणारी. इंजिनाच्या धुरात, बंद जागेत कुणी झोपू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

• पैशांचा हिशेब, चुकीचा जाब, शिक्षा, हे सगळं जेटीवर आणि सगळे झोपून उठल्यावर. दर्यावर रात्री कुणाला जाब विचारायचा नाही.

• बोट लागल्यावर लगेच मोटारसायकल काढून घरी पळू नका. कुणालातरी न्यायला बोलवा. घरी गेल्यावर आधी झोपा. आणि आधीच सांगून ठेवा, "मी आता चिडका आहे, उठल्यावर बोलू." एवढं वाक्य बोललं तरी घरातले पोरांना शेजारी पाठवणार नाहीत.

त्या तांडेलाचं पुढे काय झालं, असं विचाराल. तो अजून बोटीवर आहे. दंडाचे पैसे त्याने भरले. दोनदा ओडिशाला फोन लावला, पोराने उचलला नाही. मोसम संपताना तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "माझ्या बोटीवर तक्ता लावतो. पण पात्रांवाला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, आता तांडेलाला झोप पाहिजे."

म्हणून हे लिहिलं. पात्रांव मंडळींनो, तांडेलाला झोप पाहिजे. खलाशाला पाहिजे. तुम्हालाही पाहिजे. मोसम सुरू होण्याआधीच्या मीटिंगमध्ये पाळीच्या तक्त्याचा विषय ठेवला आहे. ज्या बोटीवर तक्ता लागेल तिचा अनुभव, बरा असो वाईट असो, आम्ही पुढे सगळ्यांना सांगू. घरच्या बायकांनीही मीटिंगला यावं. बोट लागल्यावरचा पहिला दिवस कसा जातो, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

सगळ्यांना मोसमाच्या शुभेच्छा. दर्या भरभरून देवो, आणि गेलेली सगळी माणसं धड परत येवोत.